१५ हजारात "सर्व हक्क कायमचे"? आत्ता सही करू नकोस

भावा, तू विचारलंयस की घरी एफएल स्टुडिओवर (गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवर) केलेल्या गाण्याचे एक लेबलवाला १५ हजार देतोय, कागदावर "सर्व हक्क, कायमचे, जगभर" असं हाय, तर सही करू का आणि शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडू का. सहीचं आधी बोलतो, ते जास्त अर्जंट हाय.

चाल तुझी, शब्द पण तुझे. म्हणजे तू संगीतकार पण आणि गीतकार पण. रेकॉर्डिंग ही वेगळी मालमत्ता, चाल आणि शब्द वेगळी. लेबलला मास्टर, म्हणजे गाण्याचं तयार रेकॉर्डिंग, पाहिजे असतं, ते दे की, त्याचा धंदाच तो. पण २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली (जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी कळकळीनं बोलले होते) आणि तेव्हापासनं चाल-शब्दांच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा तुझाच राहतो, तू लिहून दिलास तरी तो सुटत नाही, फक्त वारसाला किंवा वसुलीसाठी सोसायटीला देता येतो. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था. मेंबर हो आणि प्रत्येक गाणं नोंदव, नोंदच नसली तर पैसे तुझ्यापर्यंत येणार कुठनं?

आणखी एक. करारात मुदत लिहिली नसली तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसला तर भारतापुरतंच. म्हणून तर "कायमचे" आणि "जगभर" मुद्दाम घातलेलं असतं. तू मुदत मागून घे, आणि संगीत-गीत म्हणून तुझं नाव सगळ्या ॲपवर लागंल हे पण लिहून घे. माझ्या मते नाव १५ हजारापेक्षा मोठं हाय, पुढचं काम त्या नावावरच येतं.

आता करिअरचं. एकट्यानं खोलीत बसून शंभर बीट्स केल्यानं कोण म्युझिक प्रोड्युसर होत नाही, गायकाबरोबर बसून गाणं पुरं करावं लागतं. स्वीडनचा पॉप गाण्यांचा मोठा गीत-संगीतकार मॅक्स मार्टिन बघ, आधी मेटल बँडमध्ये गात होता, मग स्टॉकहोमच्या चेरॉन स्टुडिओत डेनिझ पॉप या प्रोड्युसरच्या हाताखाली शिकला, आणि आज पण त्याच्या बहुतेक गाण्यांवर दोन-चार जणांची नावं असतात. आपल्या कोल्हापुरात गळ्यांची काय कमी हाय? देवल क्लबसारखी गाण्याची संस्था १८८३ पासनं हाय, अल्लादियाखाँसाहेब इथं दरबारात गायले, आज पण क्लासला जाणारी, भजनी मंडळात गाणारी पोरंपोरी गल्लोगल्ली आहेत. त्यातला एक गळा धर आणि त्याच्यासाठी लिही.

तुझ्या डेमोचंच सांगतो. ध्रुवपदात सगळ्यात वरचा सूर "मिठी"च्या "ठी"वर येतोय, तिथं गाणाऱ्याचा आवाज आवळतोय, स्पष्ट ऐकू येतंय. ओळ फिरव, त्या सुरावर "आ"कार येऊ दे, गळा आपोआप उघडंल. प्लगइन बदलून हे होणार नाही, आणि हे गायक समोर असला की पहिल्याच टेकला कळतं.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. गुजरीतल्या सराफांच्या जिंगल, निवडणुकीची गाणी, गणपतीच्या मंडळांची गाणी, असली कामं संध्याकाळी घे, निम्मे पैसे आधी घे आणि स्टेम्स (गाण्याचे सुटे ट्रॅक) पूर्ण पेमेंट झाल्यावरच दे. तेच गिऱ्हाईक स्वतःहून परत यायला लागलं, एकाचं बघून दुसरं आलं, की मग नोकरीचं बोलू. तोवर करारातलं हक्काचं आणि मुदतीचं कलम, लेबलचं नाव झाकून, इथं टाक, शब्द कुठं बदलायचे ते सांगतो.