पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या डिक्शनरीत (की, म्हणजे key, देऊन नोंद शोधण्याचा साठा) टपल (न बदलणारी यादी) की म्हणून चालतं, मग लिस्ट (बदलता येणारी यादी) का चालत नाही?

कारण डिक्शनरी आतून हॅश टेबल (कप्प्यांचा तक्ता) आहे, आणि की कुठे ठेवायची हे तिच्या मूल्यावरूनच ठरतं.

की दिली की पायथन तिचा हॅश, म्हणजे एक पूर्णांक, काढतो. छोट्या डिक्शनरीच्या टेबलात ८ कप्पे असतात आणि त्या पूर्णांकाचे शेवटचे ३ बिट (द्विमान अंक) कप्पा सुचवतात. लहान धन पूर्णांकाचा हॅश तो स्वतःच असतो, म्हणून १ आणि ९ या दोन्ही की कप्पा क्रमांक १ वरच येतात. अशी टक्कर झाली की ठरलेल्या सूत्राने दुसरा कप्पा शोधला जातो. वाचतानाही तीच वाट: आधी हॅश जुळवायचा, मग खरी की. टेबल साधारण दोन तृतीयांश भरलं की मोठं टेबल घेऊन सगळं नव्याने मांडलं जातं.

आता लिस्ट की केली आणि नंतर तिच्यात एक आकडा वाढवला तर? हॅश बदलेल, शोध भलत्याच कप्प्यात जाईल, नोंद असूनही सापडणार नाही. म्हणूनच पायथन आधीच टाइपएरर (चुकीच्या प्रकाराची त्रुटी) देतो, आणि ते योग्यच आहे. टपल बदलत नाही म्हणून चालतं. पण त्याच्या आत लिस्ट असेल तर तेही चालत नाही.

एक प्रयोग जरूर करा. 'पुणे' या स्ट्रिंगचा (मजकुराचा) हॅश छापा, इंटरप्रिटर (पायथन चालवणारा प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा सुरू करा आणि पुन्हा छापा. आकडा वेगळा येईल. मुद्दाम टकरी घडवणाऱ्या की पाठवून कोणी सर्व्हर मंद करू नये, म्हणून स्ट्रिंगचा हॅश दर वेळी बदलण्याची ही सोय पायथनच्या आवृत्ती ३.३ पासून मुळातच चालू असते. त्यामुळे स्ट्रिंगचा हॅश फाइलमध्ये साठवून ठेवू नका.