‘टॉप गिअर’मधला ‘टॉप’ कितवा?

प्रश्न असा आला आहे: बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या कार्यक्रमाच्या नावातला टॉप म्हणजे नेमका कितवा गिअर? आणि ‘प्रचार टॉप गिअरमध्ये’ असं आपली वर्तमानपत्रं लिहितात, ते या कार्यक्रमावरून आलं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी. नाही, तिथून आलं नाही. हा कार्यक्रम केबलवरून आपल्या घरात शिरला त्याच्या कितीतरी आधीपासून ट्रकवाले, एसटीचे चालक, टॅक्सीवाले ‘टॉप’ म्हणत आलेत. ‘टॉप टाक’, ‘गाडी टॉपवर ओढत नाही, थर्ड घे’ ही सगळी त्यांची भाषा. त्यांच्या बोलण्यात ‘गिअर’ हा शब्द लावायची गरजही पडत नाही, नुसतं ‘टॉप’ पुरतं. पुढे तो शब्द इंग्रजी वाक्प्रचाराच्या हाताला धरून मथळ्यांत आला.

आता पहिला प्रश्न. 1977 साली बर्मिंगहॅमच्या पेबल मिल स्टुडिओतून हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तो फक्त मिडलँड्स भागापुरता होता. बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्री हा ब्रिटिश मोटार उद्योगाचा बालेकिल्ला, त्यामुळे असा कार्यक्रम तिथे निघाला यात नवल नाही. अँजेला रिपन आणि टॉम कॉइन हे पहिले निवेदक. रिपनबाई बीबीसीच्या बातम्या द्यायच्या, त्यावरून कार्यक्रमाचा सूर ओळखावा: नवी गाडी कशी आहे, पेट्रोल किती खाते, रस्त्यावर सुरक्षित कसं राहावं. पुढच्याच वर्षी तो बीबीसी टूवरून देशभर दिसू लागला. त्या काळातल्या साध्या ब्रिटिश गाडीला पुढे जाण्याचे चार गिअर असत. म्हणजे नाव ठेवलं तेव्हाचा ‘टॉप’ हा बहुतेकांच्या दृष्टीनं चौथा.

इथे जरा थांबतो, कारण खरी गंमत गिअरबॉक्सच्या आत आहे. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशा जुन्या धाटणीच्या गाडीत खालचे गिअर टाकले की ताकद दात्यांच्या जोड्यांमधून फिरून मागे जाते. टॉप टाकला की गिअरबॉक्सचा आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, थेट एकमेकांत अडकतात. इंजिनाचा एक फेरा, मागच्या शाफ्टचाही एक फेरा. ओझं वाहणारी दात्यांची जोडी मध्ये नसतेच, म्हणून तर टॉप पडल्यावर गिअरबॉक्सची घरघर एकदम कमी होते. जुनी अँबॅसेडर किंवा कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी चालवलेल्यांना हा फरक कानानं ठाऊक असेल. थोडक्यात, त्या गाड्यांत टॉप गिअर म्हणजे कुठलाही गिअर कामाला न लागणं!

शिवाय टॉपला ओढ सर्वांत कमी. कसाऱ्याच्या चढावर भरलेली गाडी टॉपला ठेवून बघा, धापा टाकायला लागेल. वेग वाढवायचा तो खालच्या गिअरांत, टॉपमध्ये फक्त टिकवायचा. म्हणून ‘प्रचार टॉप गिअरमध्ये आहे’ हे मला पटतं, सगळी यंत्रणा पूर्ण वेगानं चाललेली आहे असा त्याचा अर्थ होतो. पण ‘रखडलेल्या कामानं टॉप गिअर टाकून जोर पकडला’ हे वाचून कुठलाही चालक हसेल. रखडलेल्या कामाला फर्स्ट लागतो.

पुन्हा कार्यक्रमाकडे. हे नावही बीबीसीनं मोटारींसाठी घडवलेलं नव्हतं. 1964 पासून 1975 पर्यंत, मधला खंड सोडला तर, ‘टॉप गिअर’ नावाचा बीबीसी रेडिओचा संगीत कार्यक्रम होता आणि जॉन पील हा त्याचा पुढे सर्वांत गाजलेला निवेदक. साठच्या दशकात लिव्हरपूलच्या बोलीत ‘गिअर’ म्हणजे ‘झकास’, त्यामुळे पॉप संगीताला ते नाव शोभतही होतं. रेडिओवरचा कार्यक्रम बंद पडून दोन वर्षं होतात न होतात तोच त्याच संस्थेनं ते मोटारींना लावलं. शीर्षक संगीतही असंच बाहेरून आणलेलं, ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी वाद्यवृंदाची ‘जेसिका’ ही 1973 ची धून.

1988 मध्ये जेरेमी क्लार्कसन निवेदक म्हणून आला आणि सूर बदलला. गाडीचं मोजमाप मागे पडलं, गाडीची टिंगल पुढे आली. तो 1999 मध्ये गेला, प्रेक्षक घटले आणि 2001 मध्ये बीबीसीनं कार्यक्रम बंद केला. टिफ नीडेल, क्विंटन विल्सन वगैरे मंडळी चॅनल फाइव्हकडे गेली, पण नाव बीबीसीकडेच राहिलं. चॅनल फाइव्हकडे गेलेल्यांनी 2002 मध्ये आपल्या नव्या कार्यक्रमाला काय नाव दिलं? ‘फिफ्थ गिअर’! वाहिनी पाचवी, आणि तोवर साध्या गाड्यांतही पाचवा गिअर रुळलेला. ‘तुमचा टॉप तो चौथा, आमचा पाचवा’ असा टोमणा मला त्यात ऐकू येतो. एका नावाला दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात क्लार्कसन आणि निर्माता अँडी विल्मन यांनी ‘टॉप गिअर’ नव्यानं उभा केला, सरे परगण्यातल्या डन्सफोल्डच्या जुन्या विमानतळावर. रिचर्ड हॅमंड पहिल्यापासून होता, जेम्स मे 2003 मध्ये आला. आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो हाच अवतार. त्यातल्या हेल्मेटधारी अबोल चालकाचं ‘स्टिग’ हे नावही सांगण्याजोगं: क्लार्कसन आणि विल्मन ज्या रेप्टन शाळेत शिकले, तिथे नव्या पोरांना ‘स्टिग’ म्हणत.

या अवताराला अक्षरांनी मात्र बरंच अडचणीत आणलं. 2011 च्या डिसेंबरात दाखवलेल्या भारत विशेष भागात मंडळी मुंबईत डबेवाल्यांचे डबे लोकलऐवजी मोटारींनी पोचवायला निघाली, तो भाग मजेचा होता. पण पुढे आगगाडीच्या डब्यांवर ब्रिटिश मालाची जाहिरात करणारे फलक लावले ते असे, की डबे सुटे झाल्यावर शब्द मधोमध तुटून अश्लील अर्थ निघावा. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयानं बीबीसीकडे तक्रार केली. 2014 मध्ये अर्जेंटिनात क्लार्कसनच्या पोर्शवर ‘एच 982 एफकेएल’ हा क्रमांक होता. लोकांनी तो ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातलं 1982 चं फॉकलंड युद्ध असा वाचला आणि चित्रीकरण पथकाला देशातून पळ काढावा लागला. तो योगायोग होता असं बीबीसीचं म्हणणं.

2015 मध्ये एका निर्मात्यावर हात उगारल्यामुळे क्लार्कसनचा करार वाढवला गेला नाही. दोघे जोडीदारही त्याच्याबरोबर अ‍ॅमेझॉनकडे गेले. त्यानंतर निवेदक बदलत राहिले. 2019 पासून त्यांत इंग्लंडचा माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफही होता, वानखेडेवर शर्ट काढून धावलेला तोच. 2022 च्या डिसेंबरात डन्सफोल्डवर तीनचाकी मॉर्गन उलटून तो गंभीर जखमी झाला आणि 2023 च्या नोव्हेंबरात बीबीसीनं कार्यक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा ‘कितवा’ या प्रश्नाला कायमचा आकडा नाही. जी गाडी, तिचा सर्वांत वरचा तो टॉप. 1977 मध्ये चौथा, आज हाती गिअरच्या गाडीत बहुधा पाचवा किंवा सहावा. बहुतेक विजेच्या गाड्यांना एकच गुणोत्तर, म्हणजे एकच गिअर असतो, तिथे टॉप आणि फर्स्ट एकच.

लेखनाबद्दलही विचारणा होती. ‘गिअर’ आणि ‘गियर’ दोन्ही छापलेलं दिसतं, मी ‘गिअर’ लिहितो. शब्द पुल्लिंगी, अनेकवचन तसंच: एक गिअर, पाच गिअर. ‘टॉप गिअरात’ व्याकरणानं चालेल, पण बोलताना कोणी म्हणत नाही. ‘टॉप गिअरमध्ये’ किंवा सरळ ‘टॉपला’.