वस्तऱ्याने घरच्या घरी दाढी करायला सुरुवात कशी करावी? गळा कापायची भीती वाटते. आणि यात पैसे वाचतील का?

भीतीचं आधी. गळा कापला जात नाही, कारण तिथे हात आपोआप जपून चालतो. कापली जाते ती कानाची पाळी आणि हनुवटीचं टोक. माझी दोन्ही कापून झाली आहेत. दोन्ही वेळा दाढी उरकून ऑफिसला निघायची घाई होती, वस्तऱ्याचा काही दोष नव्हता.

आता वस्तरा. सलूनमध्ये हल्ली दिसतो तो खरं तर नुसता दांडा असतो. नेहमीचं दुधारी ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं त्यात अडकवायचं आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. दुकानासाठी ते योग्यच आहे. घरी सुरुवातीला तोच घ्या असं बरेच जण सुचवतात, कारण स्वस्त पडतो आणि धार लावायची कटकट नाही. मला ते फारसं पटत नाही. ते पातं फार पातळ आणि हलकं असतं, कोन जरा चुकला की लगेच रक्त काढतं. अस्सल वस्तरा, म्हणजे कायमच्या पात्याचा, वजनदार असतो, त्यामानाने चुका पोटात घालतो. पण हा नाद आपल्याला झेपेल का एवढंच बघायचं असेल, तर पंधरा दिवस दांड्यावर काढायला हरकत नाही.

अस्सल घ्यायचाच तर पात्याची रुंदी ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, आणि टोक गोल असलेला घ्या. चौकोनी टोक दिसायला रुबाबदार असतं, पण नवख्याच्या हातात गालात रुततं. जर्मनीतलं झोलिंगेन, फ्रान्समधलं थिएर आणि इंग्लंडमधलं शेफिल्ड ही यातली जुनी गावं. तिथला नवा वस्तरा आणि तो फिरवायचा चामड्याचा पट्टा मिळून दहा हजारांच्या वर सहज जातात. चारपाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणारे चकचकीत वस्तरे घेऊ नका. त्यांना धार लागत नाही आणि लागलीच तर टिकत नाही. महागडा वस्तरासुद्धा दाढीला तयार अशा धारेचा आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्या. दगडावर धार लावायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका, ते जाणत्या माणसाकडून करून घ्या.

रोज करायचं काम म्हणजे वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवणं, आणि निम्मी विद्या तिथेच आहे. दाढी करताना धारेची अतिशय बारीक कड वाकते, पट्टा ती परत सरळ करतो. पट्टा ताणून धरायचा, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही त्यावर टेकवायच्या, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचा. टोकाला पोचलात की धार वर उचलून पाठीवरच लोळवून उलटा करायचा आणि परत यायचं. दाब अजिबात नको. चाळीस-पन्नास फेऱ्या पुरतात. आमच्या गावचे सलूनवाले काका हे तळहातावर करायचे आणि त्याच वेळी कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा मारायचे. त्यांचा वेग डोळ्यांपुढे ठेवून मी तिसऱ्याच दिवशी नव्याकोऱ्या पट्ट्याला आडवी चीर पाडली. म्हणून पहिला पट्टा स्वस्तातलाच घ्या.

दाढी आंघोळीनंतर करा. गरम पाणी आणि ब्रशने केलेला दाट फेस दोन-तीन मिनिटं मुरू द्या. पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने, बाकी तुमच्या नेहमीच्या रेझरने. डाव्या हाताने कातडी ताणून धरणं हे उजव्या हातापेक्षा महत्त्वाचं काम आहे, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. कातडी सैल राहिली की वस्तरा अडखळतो, आणि अडखळला की माणूस जोर लावतो. वस्तरा गालाशी साधारण तीस अंशांत ठेवा, केसांच्या दिशेने आखूड हात मारा आणि कधीही आडवा सरकवू नका. खुंट ओढल्यासारखे वाटले तर जोर वाढवू नका, पट्ट्याकडे परत जा. सलूनमध्ये विचारतात तसा ‘उलटा हात’, म्हणजे केसांच्या उलट दिशेने, महिनाभर विसरा. मिशीखालची जागा आणि हनुवटी सगळ्यात शेवटी शिकायची. रोज केलीत तर महिन्या-दीड महिन्यात अख्खा चेहरा जमतो.

हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. वस्तऱ्याला टवका गेला तर जाऊ दे. बेसिनचा नळही जपा, माझा पहिला टवका तिथलाच.

नंतर गार पाणी आणि ओल्या गालावर तुरटी. तुरटी जिथे झोंबेल तिथे आज जोर जास्त लागला असं समजा. हे पोलाद बहुतेक वेळा गंजणारं असतं, तेव्हा वस्तरा पुसून पूर्ण कोरडा करा आणि बाथरूममध्ये ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्या. विमानप्रवासात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.

आणि तुम्ही पैसे वाचतील का असंही विचारलं आहे. मी आतापर्यंत तीन वस्तरे आणि दोन पट्टे घेतलेत, बायकोला एकाच वस्तऱ्याची किंमत माहीत आहे.