घरच्या शाळेत इतिहास कुठला घ्यायचा?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही मूळचे आगाशीचे, मिस्टर बोटीवर असतात, सध्या रेवदंड्याला राहतोय. मुलगी नऊची, मुलगा साडेसहाचा, दोन वर्षं झाली दोघं घरीच शिकतात. गणित, मराठी, इंग्लिश चाललंय पण इतिहासाला गाडी अडलीय. मला ख्रिस्ती नजरेने लिहिलेलं हवंय, म्हणजे बायबल सकाळी आणि इतिहास दुपारी आणि दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही असं नको. नेटवर बघितलं तर सगळे अमेरिकन सेट आणि सगळेच म्हणे बेस्ट. दोन मुलांना दोन वेगळे घ्यावे लागतील का? कॅथलिक घरात कुठला चालेल? किंमत बघूनच धस्स होतं.
*एक आई, रेवदंडा*

उत्तर: अगं आधी माझाच किस्सा ऐक. थोरल्याच्या वेळी मी पण असाच एक अख्खा बॉक्स मागवला होता, नाव नाही सांगत, वर कस्टम ड्युटी भरली ती वेगळीच, आणि वर्षभर आम्ही काय शिकलो तर १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून पिलग्रिम लोक अमेरिकेत कसे उतरले, त्यांच्या काळ्या कागदी टोप्यासुद्धा बनवल्या घरी बसून. मग मे महिन्यात माझा भाऊ आला, सगळ्या पोरांना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो, तिथे ते छप्पर उडालेलं चर्च आहे ना त्याच्या भिंतीखाली उभं राहून माझा लेक विचारतो, मम्मी पिलग्रिम इथे पण उतरले होते का? भाऊ अजून चिडवतो मला त्यावरून. चूक पोराची नव्हती गं, घरापासून हाकेच्या अंतरावरचा किल्ला मी त्याला कधी दाखवलाच नव्हता.

म्हणून पहिलं काम, पैसे भरायच्या आधी अनुक्रमणिका वाच. ख्रिस्ती म्हणून विकले जाणारे बरेच सेट खरं तर अमेरिकेचा इतिहास असतात, ते त्यांच्या पोरांना ठीक आहे, आपल्याला जगाचा इतिहास हवा. त्यातही बहुतेक ठिकाणी चार वर्षांचं चक्र असतं, प्राचीन, मध्ययुग, मग साधारण शोधमोहिमांचा काळ, मग आधुनिक, आणि चार वर्षं संपली की तेच पुन्हा जरा खोलात. त्यामुळे दोन मुलांना दोन सेट अजिबात घेऊ नकोस, दोघांना एकाच काळात ठेव, धाकट्याने चित्र काढायचं, मोठीने चार ओळी लिहायच्या, एवढाच फरक.

आता नावं. मिस्ट्री ऑफ हिस्ट्री चार भागांत आहे, पहिला भाग सृष्टीच्या निर्मितीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत, म्हणजे अब्राहाम, मोशे हे इजिप्त आणि चीनच्या शेजारीच भेटतात, तुला हवंय ते हेच. शिवाय प्रत्येक धड्याला लहान, मधल्या आणि मोठ्या मुलांसाठी वेगळे उद्योग दिलेत. पण लेखिका प्रॉटेस्टंट आहे, तिसऱ्या भागात रिफॉर्मेशन, म्हणजे प्रॉटेस्टंट लोक कॅथलिक चर्चपासून वेगळे झाले तो काळ, आला की तू शेजारी बसून वाच. कॅथलिक बाजूने हवं असेल तर टॅन या प्रकाशनाचं स्टोरी ऑफ सिव्हिलायझेशन आहे, तेही चार भाग. स्टोरी ऑफ द वर्ल्ड मोठ्याने वाचायला फार गोड आहे, साडेसहाच्या पोराला तेच आवडेल, पण ते चर्चसाठी लिहिलेलं पुस्तक नाही, सगळ्यांसाठी लिहिलंय.

माझं स्पष्ट मत विचारशील तर एकाचा पहिलाच भाग घे, आणि तोही नमुन्याचा धडा फुकट वाचून झाल्यावर. रात्री अंथरुणात वाच, सकाळी चहा पिताना धाकट्याला म्हण काल काय झालं सांग बघू. त्याला दोन-तीन गोष्टी आपणहून सांगता आल्या तर पुस्तक चांगलं, नुसता डोकं खाजवत बसला तर कितीही ख्रिस्ती असो, उपयोग नाही.

अजून एक धडा आवर्जून बघायचा, वास्को द गामाच्या नंतरचा. पोर्तुगीज आले, देवाचं वचन पसरलं, सगळं छान झालं असं लिहिलं असेल तर मी ते पुस्तक घेणार नाही. आपण त्याच इतिहासातून आलेली माणसं आहोत, आपली आडनावं बघ ना. आपल्याला श्रद्धा मिळाली हे खरं आणि गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून लोकांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं हेही खरं. नऊ वर्षांच्या मुलीला दोन्ही सांगता येतं, तपशील नको, पण लपवू पण नको, नाहीतर उद्या बाहेरून कळलं की ती तुलाच विचारेल.

आणि बाकीचं पुस्तक तुझ्या दाराबाहेर आहे. तू तर पोर्तुगीजांच्या कोटाच्या आतच राहतेस! वाचनात बायबलमधलं निर्गम, म्हणजे इस्रायली लोक इजिप्तमधून सुटले ती गोष्ट, आली की पोरांना अलिबागच्या इस्रायल आळीत घेऊन जा, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनॅगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ, दाखव, शनिवार विश्रांतीचा म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे हे सांग, शब्बाथ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागणार नाही. साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जा, तिथली म्हातारी माणसं अजून पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली बोलतात, मुलांना नुसतं ऐकू दे. सोळाव्या शतकातला जपान आला की गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला, १८६२ ला संत झाला. आमच्या पोरांना जपान त्या एका माणसामुळे लक्षात राहिला.

सुट्टीत वाईला गेलात तर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ घाटावरची घंटा बघा. १७०७ सालची, अंगावर मरियम आणि बाळ येशू. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई जिंकली त्या विजयातली म्हणतात, आणि लटकलीय देवळाच्या आवारात. माझ्या लेकाने तिला हात लावला आणि पहिल्यांदा विचारलं, मग आपण कुणाच्या बाजूचे? मला पटकन काही सुचलं नाही, घरी येईपर्यंत गाडीत सगळे त्यावरच बोलत होतो.

टाइमलाइनसाठी महागडं वहीबिही काही घेऊ नकोस, जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून पॅसेजमध्ये चिकटव.

प्रश्न: आमची सून नातवंडांना घरी शिकवते. बायबलच्या गोष्टी पोरांना तोंडपाठ, पण शिवाजी महाराज कोण शिकवणार? आणि पुढे दहावीचं काय?
*एक आजोबा, वेंगुर्ले*

उत्तर: आजोबा, तुम्हीच शिकवा की. चौथीचं परिसर अभ्यास भाग दोन, ज्यात महाराजांचा इतिहास आहे, ते बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं, सुनेला डाउनलोड करून द्यायला सांगा आणि रोज जेवणानंतर एक धडा तुमच्याकडे घ्या. सुनेशी भांडू नका त्यावरून, तिला मदतच होईल. दहावीसाठी एनआयओएस हे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून परीक्षेला बसता येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ ला सुरू झालं, त्या धड्याला पोचलात की नातवंडांना घेऊन मालवण गाठा, पण पावसाळ्याच्या आधी, पावसात होड्या बंद असतात.