बायकोला बायपोलर आहे. ऑस्ट्रेलियात एनडीआयएसची मदत मिळेल का?

मिळू शकते. एनडीआयएस म्हणजे नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, अपंगत्व असलेल्यांना मदत करणारी तिथली सरकारी योजना. तुम्ही लिहिलंय की बायकोला नऊ वर्षांपासून बायपोलर आहे, दोघांकडे पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) आहे आणि मेलबर्नमधले मित्र सांगतात, एनडीआयएस फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी असतं. तसं नाही. मानसिक आजारातून येणाऱ्या अपंगत्वाला तिथे ‘सायकोसोशल डिसॅबिलिटी’ म्हणतात आणि त्या कारणाने योजनेत असलेले लोक 60 हजारांच्या वर आहेत. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. त्याला स्किझोफ्रेनिया आहे.

नावात इन्शुरन्स असलं तरी हप्ता नाही आणि उत्पन्नाची अटही नाही. अर्जाच्या वेळी वय 65 च्या आत हवं. पण उपचार यात येत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. गोळ्या, सायकिअ‍ॅट्रिस्ट, हॉस्पिटल हे सगळं मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्यविमा) आणि राज्याच्या आरोग्यसेवेकडे. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून दिला की सायकॉलॉजिस्टच्या वर्षाला 10 भेटींपर्यंत मेडिकेअरचा परतावा मिळतो, तोही वेगळा. एनडीआयएस मदत करतं ती रोजच्या जगण्यात: घर आवरायला, बाजारहाट करायला, बाहेर पडायला सोबतीचं माणूस, आणि 2020 पासून रिकव्हरी कोच, म्हणजे सावरायला साथ देणारा माणूस.

आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला, त्यात चूक आमचीच होती. डॉक्टरांच्या पत्रात ‘औषधांवर स्थिर’ असं होतं आणि आम्ही लिहिलं होतं, ‘स्वतःचं सगळं स्वतः करतो.’ लिहिताना बरंही वाटलं होतं. खरं काय होतं? आई सकाळी त्याच्या ब्रशला पेस्ट लावून ठेवायची आणि नळाचा आवाज येईपर्यंत बाथरूमच्या दाराशी उभी राहायची. धुतलेले कपडे पलंगावर काढून ठेवायची, नाहीतर तो आठवडाभर एकाच शर्टात. जेवायला दोन हाका मारायची, नाही आला तर ताट खोलीत. त्याची पत्रं मी उघडायचे, बिलं मी भरायचे. घरच्या माणसाचं करतो त्यात सांगण्यासारखं काय, असं आम्हाला वाटायचं. अर्ज वाचणाऱ्याला मात्र आईचे हात कुठून दिसणार?

मग पंधरा दिवस वही लिहिली. आई सांगायची, मी लिहायचे. ती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मानसिक आजारासाठी पुराव्याचा वेगळा फॉर्म असतो, तो त्यांनी वहीवरून नव्याने भरला. आजाराचं नुसतं नाव पुरत नाही. बोलणं-समजणं, लोकांत वावरणं, शिकणं, हिंडणं-फिरणं, स्वतःची निगा, स्वतःचे व्यवहार, यांपैकी कुठे माणूस मदतीशिवाय अडतो ते दाखवावं लागतं. तुमच्याकडे वाईट आठवडा कसा जातो, ते लिहा.

फॉर्मवर ‘परमनंट’ हा शब्द आला तेव्हा आई रडली. म्हणाली, ‘पोराचं कायमचं असं लिहू नकोस गं.’ डॉक्टरांनी तिला समजावलं की तो सुधारणार नाही असा त्याचा अर्थ नाही. उपचार करूनही जी अडचण उरते, तिच्याबद्दल ते आहे. त्रास कमी-जास्त होत राहिला तरी तो कायमस्वरूपी धरता येतो, हे कायद्यातच आहे. बायपोलरला हे फार महत्त्वाचं. मधले चार महिने बायको छान असते म्हणून अर्ज करायचा राहू देऊ नका.

नकार आला तर तीन महिन्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि त्यापुढे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आहे. आम्ही नवा अर्ज केला, तो मंजूर झाला. कोच पहिले तीन आठवडे नुसता मागच्या अंगणात भावाशेजारी बसायचा, फारसं न बोलता. चौथ्या आठवड्यात दोघं ट्रेनने लायब्ररीत गेले. आता दर मंगळवारी जातात, आणि आई त्या वेळात झोपते.

अर्ज तुमच्या बायकोचा आहे, तिच्या संमतीनेच करा आणि वही तिला वाचायला द्या. आमची वही भावाने वाचली आणि शेवटी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली: ‘रात्री दिवा बंद करायची भीती वाटते.’ अकरा वर्षं एका घरात राहून आम्हाला हे माहीत नव्हतं.