स्वॅबनंतरचे दोन दिवस

प्रिय बाय,

काल रात्री अकराला तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच ओळखलं, कुणाची तरी बोलणी खाल्लीयस. स्तनाच्या गाठीची बाई, कोविडची आरटीपीसीआर निगेटिव्ह, सकाळच्या ऑपरेशनांतली पहिली केस. तू तिच्याशी बोलत बसलीस आणि तिच्या तोंडून निघालं की घरी नात खोकतेय. तू केस थांबवलीस. वरिष्ठ म्हणाले, "रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना?" आणि तू मला विचारतेस, सर, माझं चुकलं का?

चुकलं नाही. पण गप्प बसलीस ते चुकलं. रिपोर्ट परवाचा आहे आणि बाई आजची आहे, एवढं तरी म्हणायचंस. लागण झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस चाचणीत बहुधा काहीच सापडत नाही, हे काय त्यांना ठाऊक नाही? विचारायचं एकच: स्वॅबनंतर माणूस कुठे होता?

2020 ची गणेशचतुर्थी, आपली चवथ, 22 ऑगस्टला होती. सत्तरीतले एक गृहस्थ, गालाचा कॅन्सर. आदल्या दिवशी स्वॅब, निगेटिव्ह. घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं, नाही पडले. पण चवथीचं घर ते! माटोळी, गणपतीवरची ती फळा-पानांची चौकट, बांधायला भाऊ आले, पुतणे आले, दीड दिवस आरत्या. सोमवारी दाखल झाले, आम्हां सगळ्यांसाठी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा घेऊन. मी दोन खाल्ल्याही. मग तोंड किती उघडतं ते पाहिलं, दात पाहिले, कागद पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनसाठी भूल दिली. डबा समोर होता आणि चवथ कशी झाली, कोण कोण आलं होतं, हे गोव्यात जन्मलेल्या माणसाने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप, पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर. नवव्या दिवशी गेले.

त्याच वर्षी 24 देशांतल्या 1128 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. ऑपरेशनच्या सुमारास कोविड झालेल्यांपैकी 23.8 टक्के महिन्याभरात दगावले होते. मी ती वाचलेली होती. वाचून काय उपयोग? विचारलं नाही.

आता दुसऱ्या बाजूला घसरू नकोस. नुसतं थांबवणं ही शहाणपणाची गोष्ट नव्हे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका बाईला मीच "हे सगळं निवळू दे" म्हणून परत पाठवलं होतं. पावसाळ्यात ती आली तेव्हा गाठ कातडी फोडून बाहेर आली होती. कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो. तिकडे परळच्या टाटा हॉस्पिटलात 23 मार्च ते 30 एप्रिल 2020 या काळात 494 ऑपरेशनं झाली, एकही मृत्यू नाही. त्यातल्या बहुतेकांचा स्वॅबसुद्धा झालेला नव्हता. काळजी घेत केलं, पण केलं.

तेव्हापासून मी वॉर्डात खुर्ची ओढून बसतो. पोदेर, पाववाला, दारात येतो की फाटकावर पाव ठेवतो? न्हाणीघर एकच का? वाड्यावर कुणाचं बारावं झालं? लोक म्हणतात म्हातारा चौकशी खात्यात हवा होता. म्हणू देत. वीस मिनिटं जातात, यादी रखडते, सर्जन घड्याळ बघतात. बघू देत! त्या गृहस्थांच्या वेळी मी वीस मिनिटं वाचवली होती. आणि हो, तेव्हा तसा नियम नव्हता, कागदावर माझं काहीच चुकलेलं नाही. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

उद्या सकाळी नातीची चाचणी करायला सांग. बाईला घरी पाठवू नकोस, वेगळी खोली मिळव, भांडून मिळव. पाच दिवसांनी परत स्वॅब, आणि ऑपरेशनची तारीख आजच यादीत लिहून घे. "नंतर बघू" असं तिला कुणी म्हणता कामा नये. दुसऱ्या स्वॅबनंतरही तोच प्रश्न विचार, कंटाळा करू नकोस.

आणि तिला आधी जेवायला घाल. काल रात्रीपासून उपाशी ठेवलीय तुम्ही तिला.

तुझा,
सर