विधानसभेचा पहिला अर्ज? आधी पैशांची वही

उमेदवारी अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा. ते स्वतःच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त चालतं. बायको किंवा भाऊ प्रतिनिधी नसेल, तर त्यांचं नाव नको. देणगी असो की घरचे पैसे, सगळं याच खात्यातून फिरवा.

महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा ४० लाख, गोव्यात २८. नवखे मात्र बहुधा रोखीत अडकतात. एका व्यक्तीकडून १०,००० च्या वर रोख घ्यायची नाही, द्यायचीही नाही, आणि हा आकडा संपूर्ण निवडणुकीचा आहे, रोजचा नव्हे. मांडववाल्याचं १८,००० चं बिल नऊ-नऊ हजारांत फोडलं तरी ते पकडलं जातं. सरळ चेक द्या.

नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात किमान तीनदा तपासणी होते. खुर्ची, मांडव, गाडी यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. ‘ओळखीत स्वस्त मिळालं’ म्हणून कमी लिहिलंत, तर फरकाची नोटीस येणारच. अर्जाआधी छापून नंतर वाटलेली पत्रकंही खर्चातच धरतात, आणि त्यांवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. स्टार प्रचारकाच्या मंचावर चढण्याआधी हिशेब करा, कारण त्या सभेचा खर्च तुमच्या माथी येतो.

देणगीदार करसवलत विचारतील. ती पक्षाला दिलेल्या देणगीवर मिळते, उमेदवाराला दिलेल्या नाही. परदेशी पैसा तर अजिबात नको.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्या, हरलात तरी. सबळ कारणाशिवाय चुकवलात, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.